क्रेटवरची चिठ्ठी

बाजारात द्राक्षं घेताना लोक मणी बघतात. मी देठ बघतो. निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये इतके हंगाम काढल्यावर ही सवय कायमची लागली आहे. मणी फसवतो, कारण उन्हात तास-दोन तास पडून राहिला तरी वरून टपोराच दिसतो. देठ फसवत नाही. हिरवागार असेल तर माल वेळेत थंड झालेला असतो, तपकिरी पडला असेल तर तो वाटेत कुठेतरी रखडला होता.

आमचं सायखेडा गोदावरीकाठी, निफाड तालुक्यात. पुलापलीकडे चांदोरी. बाहेरच्यांना गावाचं नाव आठवतं ते पुरामुळे. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीनं आम्हाला जो वेढा दिला, त्याचे फोटो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. एरवी हा मुलूख ऊस, कांदा आणि द्राक्षाच्या घाईत असतो. जानेवारी ते एप्रिल तर इथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. हा किस्सा अशाच एका हंगामातला. पॅकहाऊसचं नाव सांगत नाही. चूक आमच्या सगळ्यांची होती, आणि तशीच चूक मी नंतर अनेक ठिकाणी पाहिली.

डिसेंबरात हंगामाची बैठक झाली. बागायतदार, निर्यातीचं काम बघणारे, कोल्ड स्टोअरचा ऑपरेटर, पॅकिंगच्या सुपरवायझर बाई आणि गुणवत्ता तपासणारा मी. दोन तास बोलून आराखडा ठरला. 'गुणवत्तेशी तडजोड नाही. माल लवकरात लवकर प्रिकूलिंगला. स्वच्छतेकडे विशेष लक्ष.' त्याचा मोठा फ्लेक्स छापून दारात लावला. त्या बैठकीतल्या प्रत्येकाला ते वाक्य मनापासून पटलेलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

मार्चमध्ये रॉटरडॅमहून क्लेम आला. सोबत फोटो. पनेट, म्हणजे द्राक्षाची प्लास्टिकची डबी, उघडलेलं, मणी ठीक, देठ वाळून काडीसारखे झालेले. भाव पडला, पैसे कापले गेले, आणि पुन्हा सगळे त्याच टेबलाभोवती बसलो. प्रत्येकजण एकच सांगत होता, 'आम्ही तर माल लवकर पाठवला होता.'

कुणीही खोटं बोलत नव्हतं. तोडणीच्या मुकादमासाठी लवकर म्हणजे दुपारच्या भाकरीच्या आत. पिकअपवाल्यासाठी लवकर म्हणजे गाडी भरली की कुठेही न थांबता. पॅकिंगवाल्यांसाठी लवकर म्हणजे आजचा माल आजच. कोल्ड स्टोअरच्या ऑपरेटरसाठी लवकर म्हणजे प्रिकूलिंगची, म्हणजे माल झटपट गार करण्याची, खोली भरली की लगेच दार लावून मशीन चालू. आमच्या फ्लेक्सवर शब्द एक होता आणि त्याचे अर्थ चार होते.

दुसऱ्या दिवशी मी एक क्रेट धरला आणि दिवसभर त्याच्या मागे फिरलो. वहीत नुसत्या वेळा लिहीत गेलो. घड तोडला सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी. क्रेट बागेतल्या ओळीतच राहिला, कारण गाडी आली नव्हती. ९.४० ला तो गाडीत चढला. बाकीचे क्रेट भरेपर्यंत १०.१५ झाले. त्या दिवशी कांद्याचे लिलाव होते. ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत पिकअप ११.२० ला पॅकहाऊसला लागली. माल उतरला आणि टेबल मोकळं होण्याची वाट बघत १ वाजेपर्यंत तसाच. सव्वादोनला पॅकिंग पूर्ण. मग प्रिकूलिंगची खोली भरलेली म्हणून बॉक्स पॅलेटवर उभे. साडेचारला आत गेले.

एकूण ८ तास २० मिनिटं. गाडीच्या प्रवासाची आणि टेबलावरच्या कामाची मिळून २ तास २० मिनिटं. उरलेले ६ तास त्या क्रेटनं काहीही केलं नव्हतं, तो फक्त थांबला होता. आणि या थांबण्याला कुणीच जबाबदार नव्हतं. प्रत्येकानं स्वतःचं काम चोख केलं होतं, दोन कामांच्या मधली जागा मात्र कुणाच्याच नावावर नव्हती.

त्या रात्री एक चिठ्ठी तयार केली. पोस्टकार्डापेक्षा लहान, चार रकाने: तोडीची वेळ, गाडीत भरल्याची वेळ, पॅकहाऊसला पोचल्याची वेळ, प्रिकूलिंगची वेळ. प्रत्येक रकान्यासमोर लिहिणाऱ्याचं नाव. ध्येय एकच: कात्री लागल्यापासून पाच तासांत माल प्रिकूलिंगमध्ये. तिथे मण्याच्या गरात थर्मामीटरची सुई खुपसून तापमान बघायचं, खोलीच्या भिंतीवरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. खोली थंड होते तेव्हा द्राक्ष थंड झालेलं असतंच असं नाही. गर शून्य ते एक अंशाच्या आसपास आला की मगच माल कोल्ड स्टोअरला.

चिठ्ठीनं सगळं एका दिवसात सुधारलं असं मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात ऑफिसनं त्यात भर घातली, 'तोडणी सकाळी ६ वाजता सुरू.' आकडा होता, वेळ होती, ऐकायला पक्कं वाटत होतं. आमच्याकडे तोडणीला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. त्यातल्या एका टोळीची मुकादम बाई दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली. हातात कात्री, डोक्याला मफलर. म्हणाली, 'दादा, दव सुकल्याबिगर कात्री लावू नका, हे तुम्हीच सांगता. सहाला सुरू करा, हेबी तुम्हीच सांगता. यातलं कोणचं करू?'

मला उत्तर देता आलं नाही. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती घसरला, ही दर हिवाळ्यातली बातमी असते. अशा सकाळी घड दवानं ओले असतात आणि ओला घड पनेटमध्ये गेला की बुरशीला आयतं घर मिळतं. सहाचा आकडा टेबलावर बसून काढला होता आणि ते टेबल बागेत नव्हतं. आम्ही तो खोडला. सुरुवात दव सुकल्यावर करायची, ती वेळ मुकादम ठरवणार. मात्र ११ नंतर कात्री बंद. हा दुसरा आकडा तिनंच सुचवला होता. ११ नंतर उन्हात तोडलेला मणी हाताला गरम लागतो, तो थंड व्हायला जास्त वेळ घेतो, हे तिच्या बोटांना आमच्या थर्मामीटरच्या आधीपासून माहीत होतं.

दुसरी चूक याहून महागात पडली. पॅकिंगचा वेग वाढवायचा म्हणून टेबलागणिक बॉक्सचं उद्दिष्ट दिलं आणि त्यावर बक्षीस ठेवलं. आकडे दोन दिवसांत वर गेले. तिसऱ्या दिवशी मी एक बॉक्स उघडला. मण्यावर जी नैसर्गिक पांढुरकी पावडर असते, ताज्या द्राक्षाची खूण, ती घाईच्या बोटांनी पुसून गेली होती. वजनं तर आणखीच बिघडली होती. ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये आम्ही थोडा माल जास्त भरतो, कारण समुद्रावरच्या आठवड्यांमध्ये ओलावा उडतो आणि तिकडे वजन कमी भरून चालत नाही. पण घाईत त्याच्याही वर दहा-दहा ग्रॅम चढत होते. मणी कापून वजन जुळवायला वेळ कुणाला होता? १३ टनांच्या कंटेनरमध्ये अशी २६ हजार पनेटं बसतात. पनेटमागे १० ग्रॅम म्हणजे २६० किलो निवडक द्राक्षं फुकट जहाजावर. बक्षीस त्याच संध्याकाळी थांबवलं. बायांचा यात काडीचाही दोष नव्हता. जे मोजलं जातं तेच त्यांनी वाढवून दाखवलं, आणि काय मोजायचं ते आम्ही ठरवलं होतं.

पुढे एक प्रशिक्षक आले आणि त्यांनी 'स्मार्ट' ध्येयांचं सूत्र शिकवलं. व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ते शिकवतातच. मी नंतर त्याचं मूळ शोधलं. जॉर्ज डोरन या अमेरिकी सल्लागारानं १९८१ साली ते मांडलं. आज त्यातल्या 'ए' या अक्षराचा अर्थ 'साध्य होण्याजोगं' असा सांगतात. डोरनच्या मूळ लेखात त्या जागी 'हे काम कोण करणार' असा अर्थ होता. प्रत्येक पातळीवरचं प्रत्येक ध्येय आकड्यात बसवलंच पाहिजे असं नाही, हेही त्यानं त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचा फ्लेक्स आठवला. काय करायचं ते त्यावर होतं. कोण करणार, ते नव्हतं.

आमच्या धंद्याला मोजमाप शिकवलं ते मात्र फळात उरणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या अंशांनी. केंद्र सरकारच्या अपेडा या कृषी निर्यात संस्थेनं २००६ साली ग्रेपनेट ही माग काढण्याची व्यवस्था सुरू केली. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, आणि बॉक्सवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत मागे जाण्याची सोय. यामागे पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मोठे कष्ट आहेत. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकीच मुभा असते. चौथीपर्यंत शिकलेला आमचा बागायतदार आज हा आकडा तोंडपाठ सांगतो, आणि कुठली फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची याची वही ठेवतो. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आणि तरीही २०१० आलं. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागेत त्याला सगळे लिहोसिन म्हणायचे. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला आणि घडनिर्मितीला मदत म्हणून ते सर्रास वापरलं जाई. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या वेळी ते नव्हतं. म्हणजे आपले अहवाल खरे होते, बागायतदारानं काही लपवलं नव्हतं, आणि माल तिकडे बंदरात अडकला होता. निर्यातदार आणि शेतकरी दोघांचंही अतोनात नुकसान झालं. नंतर ते यादीत आलं. जुन्या लोकांसमोर आजही 'दोन हजार दहा' म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. तेव्हापासून हंगामाच्या बैठकीत मी एक प्रश्न न चुकता विचारतो: आपल्या यादीत काय नाही?

चिठ्ठी सुरू झाली त्या हंगामात हा प्रश्न तिच्याबद्दलही विचारला. टोळी बांधावर बसून भाकरी खात होती. चार रकाने वाचून दाखवले. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातली एक पोरगी, विशीचीही नसेल, म्हणाली, 'क्रेट सावलीत ठेवला का उन्हात, ते कुठं लिव्हायचं?'

आम्ही वेळ मोजत होतो. पण ओळीत सावलीला ठेवलेला तासभर आणि बांधावर उघड्या उन्हातला तासभर आमच्या चिठ्ठीत सारखेच दिसत होते. त्या दुपारी पाचवा रकाना पडला, 'सावली', आणि त्यात फक्त हो किंवा नाही. बागेच्या तोंडाशी हिरव्या शेडनेटचा एक मांडव उभा राहिला. पिकअपचा नियमही बदलला. गाडी पूर्ण भरायची वाट बघायची नाही, अर्धी झाली तरी सोडायची. डिझेलचा खर्च वाढला, त्यावर कुरकुर झाली, पण क्लेमच्या रकमेपुढे तो खर्च काहीच नव्हता. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी पहिली खेप रस्ता तुंबायच्या आत निघू लागली. हंगाम संपेपर्यंत बहुतेक क्रेट पाच तासांच्या आत येत होते. जे येत नव्हते, ते नेमके कुठे थांबले हे चिठ्ठी सांगत होती. जी भांडणं आवाजानं मिटत होती ती आता कागद बघून मिटू लागली.

२०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आपले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. प्रवासाचे दिवस वाढले. म्हणजे बागेतला हलगर्जीपणा पोटात घालायला पूर्वी जी थोडी सवड होती, तीही गेली.

ऑक्टोबर छाटण्या झाल्या की निफाड-दिंडोरीत पुन्हा बैठका बसतील. पॅकहाऊसच्या मालकांना आणि मॅनेजरांना माझी कळकळीची विनंती आहे. आराखड्यातला प्रत्येक 'लवकर' आणि प्रत्येक 'विशेष लक्ष' खोडा. तिथे तास लिहा, अंश लिहा, ग्रॅम लिहा, आणि शेजारी माणसाचं नाव लिहा. फ्लेक्स छापायला टाकण्याआधी तो कागद तोडणीच्या टोळीला वाचून दाखवा, आणि कोपऱ्यात बसलेल्या पोरीला काही विचारायचं असेल तर तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या.