आपले गाणे कोणते?

१९७८ साली कॅनडातील एका लोकप्रिय गायकाने आपल्याला मिळालेली सहा सन्मानचिन्हे ती देणाऱ्या संस्थेकडे परत पाठवून दिली. स्टॉम्पिन टॉम कॉनर्स हे त्याचे नाव. लाकडी फळीवर बुटाची टाच आपटीत ताल धरणारा हा गायक खाणकामगारांची, बटाटे वाहून नेणाऱ्या ट्रकचालकांची आणि आडवळणाच्या गावांची गाणी गात असे. जे कलावंत देश सोडून अमेरिकेत स्थायिक झाले, ज्यांची कारकीर्द तिथेच बहरली, त्यांना कॅनडाचे राष्ट्रीय पुरस्कार का द्यावेत, असा त्याचा सवाल होता. ‘जुनो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीत पुरस्कारांचा सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर हाच सवाल निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. आपले गाणे म्हणजे नेमके कोणते, आणि ते आपले आहे हे ठरवायचे कोणी?

हा सवाल कॅनडातच इतका तीव्र का व्हावा, हे समजून घेण्यासाठी त्या देशाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. लोकसंख्या शेजारच्या अमेरिकेच्या सुमारे एकदशांश, आणि तीतील बहुतेक वस्ती सरहद्दीलगतच्या पट्ट्यात. फ्रेंचभाषक क्वेबेक वगळल्यास दोन्ही देशांची प्रमुख भाषा एकच. अमेरिकेतील रेडिओ केंद्रे सरहद्दीपलीकडे सहज ऐकू येत, आणि १९६० च्या दशकात खुद्द कॅनडातील केंद्रेही प्रामुख्याने परदेशी तबकड्याच वाजवीत. देशी गायकाला स्वदेशात कान मिळावेत यासाठी आधी अमेरिकेत नाव कमवावे लागे.

या परिस्थितीत १९६४ साली वॉल्ट ग्रिलिस या गृहस्थाने टोरांटोहून ‘आरपीएम’ हे संगीतविषयक साप्ताहिक सुरू केले. ग्रिलिस पूर्वी पोलीस खात्यात होते. त्यांचे स्नेही स्टॅन क्लीस हे ध्वनिमुद्रिकांचे निर्माते होते. या दोघांनी त्याच वर्षी वाचकांचा कौल घेऊन देशी कलावंतांची निवड जाहीर केली. ना सभागृह, ना टाळ्या. निकाल साप्ताहिकाच्या पानांवर छापले गेले एवढेच. प्रत्यक्ष समारंभ झाला तो १९७० च्या फेब्रुवारीत, टोरांटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये. त्या वेळी दिलेली सन्मानचिन्हे संगीताच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या लयदर्शक यंत्राच्या, म्हणजे मेट्रोनोमच्या आकाराची होती.

मात्र केवळ सन्मानचिन्हांनी गाणे लोकांच्या कानी पडत नाही. ती निकड कायद्याने भागविली. नभोवाणी व दूरचित्रवाणीचे नियमन करणाऱ्या आयोगाने १९७१ च्या जानेवारीपासून रेडिओ केंद्रांवर बंधन घातले, की त्यांनी वाजविलेल्या संगीतापैकी किमान ३० टक्के कॅनडाचे असावे. पुढे १९९९ मध्ये लोकप्रिय संगीतासाठी हे प्रमाण ३५ टक्के झाले. या आयोगाचे पहिले अध्यक्ष पिएर जुनो यांच्या सन्मानार्थच पुरस्काराचे नाव पडले. त्यांच्या फ्रेंच आडनावाचे लेखन सोपे करताना ते रोमन पुराणातील देवतेच्या नावाशी जुळले, हा योगायोग. परंतु एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव संगीताच्या पुरस्काराला आपखुशीने दिले जाते, ही गोष्ट त्या काळच्या कलावंतांची व्यथा पुरेशी स्पष्ट करते.

तीस टक्के मोजायचे, तर मोजमाप हवे. ते क्लीस यांनीच तयार केले. संगीतरचना, कलावंत, ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि काव्य या चारांपैकी दोन बाबी कॅनडाच्या असतील, तर गाणे कॅनडाचे. या चार घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून त्या देशाच्या ध्वजावरील ‘मेपल’ पानाचा भास होतो. १९७५ साली हा समारंभ राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आला आणि साप्ताहिकाच्या पानांवर जन्मलेला पुरस्कार घरोघरी पोहोचला.

परंतु कला मोजपट्टीत मावत नाही. १९७८ साली कॉनर्सने सन्मानचिन्हे परत केली, त्याच वर्षी जुनोच्या कीर्तिमंदिरात पहिली दोन नावे दाखल झाली. त्यांपैकी वाद्यवृंदकार गाय लोम्बार्डो यांची कीर्ती मुख्यतः अमेरिकेतच फुलली होती. कॉनर्सच्या दृष्टीने तो उणेपणा. संस्थेच्या दृष्टीने तो देशाचा गौरव. १९९१ मध्ये नेमका उलटा पेच पडला. कॅनडाचा गायक ब्रायन ॲडम्स जगभर गाजत असताना त्याचा नवा संग्रह नियमानुसार ‘कॅनडाचा’ ठरेना, कारण त्यातील गाणी व संगीत त्याने एका परदेशी निर्मात्याबरोबर मिळून रचले होते. दोघांपैकी एकाने सर्व संगीत व दुसऱ्याने सर्व काव्य रचले असते, तर नियमाची हरकत नव्हती. दोघांनी एकत्र बसून काम केले, हाच दोष ठरला! अखेर १९९३ मध्ये नियमात दुरुस्ती करावी लागली.

याहून खोल प्रश्न घरातल्या घरात होता. रॅप संगीतासाठी १९९१ पासून पुरस्कार दिला जात होता. परंतु तो प्रक्षेपणाबाहेर, कॅमेऱ्याच्या आड उरकला जाई. १९९८ साली व्हँकुव्हरच्याच ‘रॅस्कल्झ’ या चमूने आपल्याच गावी भरलेल्या समारंभात तो नाकारला. ज्या संगीताचे बहुसंख्य कलावंत कृष्णवर्णीय, तेच नेमके पडद्याआड का, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी हा पुरस्कार मुख्य प्रक्षेपणात दिला गेला, आणि तो स्वीकारणारा चमूही तोच होता. अमेरिकेच्या सावलीत आपण झाकोळलो अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या सावलीत कोण झाकोळले आहे हे पाहिले नव्हते. ते या नकाराने दाखवून दिले.

आदिवासी संगीतासाठी स्वतंत्र विभाग १९९४ मध्ये आला. दक्षिण आशियाई संगीताचा विभाग तर २०२५ मध्ये सुरू झाला; त्याआधी २०२३ च्या समारंभात ए. पी. ढिल्लों यांनी पंजाबी गाणे सादर केले होते आणि २०२४ मध्ये करण औजला यांना रसिकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला होता. फ्रेंचभाषकांनी मात्र जुनोची वाट न पाहता १९७९ मध्येच कवी-गायक फेलिक्स लेक्लेर यांच्या नावाने आपले स्वतंत्र पुरस्कार उभारले. आणि आदिवासी म्हणून दीर्घकाळ गौरविल्या गेलेल्या बफी सेंट-मेरी यांच्या जन्म व वंशाविषयी २०२३ मध्ये प्रश्न उपस्थित झाले. त्या कॅनडाच्या नागरिक नाहीत हे स्पष्ट झाल्यावर २०२५ मध्ये त्यांचे जुनो काढून घेण्यात आले. कॉनर्सचा सवाल सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा दाराशी उभा होता.

मोठ्या शेजाऱ्याच्या आवाजात आपला सूर हरवू नये, ही चिंता हिंदी चित्रपटगीतांच्या शेजारी वाढलेल्या मराठी गाण्याच्या रसिकाला समजावून सांगावी लागत नाही. जुनोचा इतिहास या संदर्भात दोन गोष्टी सांगतो. टक्केवारीचा नियम तुच्छ मानू नये. त्याने गाण्याला ऐकले जाण्याची संधी मिळते, आणि संधीवाचून गुण सिद्ध होत नाही. पण ‘आपले’ या शब्दाची सीमा नियमाने एकदाच आखून मोकळे होता येत नाही. ती सरकवावी लागते, आणि ती सरकवण्याचे काम जुनोच्या बाबतीत सन्मान मिळालेल्यांइतकेच तो नाकारणाऱ्यांनी केले. कॉनर्सच्या सवालाला संस्थेपाशी पटणारे उत्तर नव्हते. रॅस्कल्झला तिने वर्षभरात उत्तर दिले. राष्ट्रीय म्हणविणाऱ्या कोणत्याही पुरस्काराची प्रतिष्ठा शेवटी या दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांवरच उभी राहते.