मांडीवरचे खळगे आणि साडेआठशेची ट्यूब



गेल्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली आणि मग एका ताईंनी पिशवीतून गुलाबी ट्यूब काढून आमच्यापुढे ठेवली. किंमत साडेआठशे रुपये. "ही चोळली की मांडीवरची चरबी विरघळते म्हणे. विकायला दहा घेतल्यात, गटातूनच उचल केली. खरंच होतं का असं, तेवढं रेडिओवर सांगा."

म्हणजे प्रश्न नुसत्या रूपाचा नाही, गटाच्या साडेआठ हजारांचा आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

मांडीवर, कुल्ल्यांवर कातडी गुळगुळीत न राहता खळगे पडल्यासारखी दिसते, त्याला इंग्रजीत 'सेल्युलाइट' म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात याला शब्दच नाही, कारण हे काही दुखणे आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. शब्द मूळचा फ्रेंच. अमेरिकेतल्या बायकांना तो १९६८ साली 'व्होग' या फॅशनच्या मासिकाने शिकवला. नाव मिळाले आणि मागोमाग औषधेही आली!

हे होते कसे? गादी आठवा. पिंजारी गादी भरतो आणि जागोजाग टाके घालतो. टाका कापड खाली ओढतो, मधला कापूस वर फुगतो. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्यातून चिवट धाग्यांसारखे पट्टे कातडीला आत बांधून ठेवतात. बायकांमध्ये हे पट्टे बहुतेक उभे असतात, म्हणून चरबी मधून वर येते. पुरुषांमध्ये ते तिरके, जाळीसारखे असतात, म्हणून त्यांच्यात असे खळगे फार कमी दिसतात. वयात आलेल्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद बायकांना हे कमीजास्त असतेच. सडपातळ बाईलाही असते. हा आजार नाही आणि कामचुकारपणाची खूणही नाही.

आता ट्यूब. अशा क्रीममध्ये बहुधा कॅफिन असते, तेच आपल्या चहातले. त्याने कातडीतले पाणी थोडे ओढले जाते आणि काही तास कातडी ताणलेली दिसते. काहींत रेटिनॉल असते. ते कित्येक महिने लावले तर वरची कातडी किंचित जाड होते आणि खळगे जरा कमी उठून दिसतात. पण गरोदरपणी किंवा दिवस राहायची वाट बघत असताना ते लावू नये. काही क्रीम लावल्यावर चरचरतात. चरचरणे म्हणजे चरबी वितळणे नव्हे, मिरची हाताला लागली तरी चरचरतेच की. चोळल्याने सूज थोडी उतरते, पण ते काम हाताचे. गादीवरून हात फिरवला म्हणून आतले टाके सुटत नाहीत. अमेरिकेत २०२० साली थेट त्या टाक्यांवर काम करणारे इंजेक्शन मान्य झाले होते. त्याने काळेनिळे डाग पडत, आणि २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करायचे ठरवले. सुईचे हे, तर मलमाचे काय?

आपल्याकडचा कायदाही ऐका. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सौंदर्यप्रसाधनावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली हवी. त्या ट्यूबवर परवाना क्रमांक आम्हाला सापडला नाही.

बाळंतपणानंतरचे पोटावरचे वळ ही वेगळी गोष्ट. तिथे कातडी ताणून आतून फाटते. वळ पडूच नयेत म्हणून गरोदरपणी लावायच्या मलमांचे ८०० बायकांवर झालेले सहा अभ्यास २०१२ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा कोणत्याच मलमाचा भक्कम पुरावा मिळाला नाही. घरचे खोबरेल लावा, कोरडेपणा आणि खाज कमी होईल. वळ जात नाहीत, पण काळाने फिके पडतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. 'सेल्युलायटिस' असे जवळपास सारखेच ऐकू येणारे दुसरे नाव आहे, आणि तो खरा आजार आहे. भेगेतून किंवा काटा लागून जंतू आत शिरतात, पाय लाल, गरम, सुजलेला होतो, ताप येतो. भातखाचरात, शेणामातीत अनवाणी राबणाऱ्या बाईला हे सहज होऊ शकते. त्यावर क्रीम चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतिणीचा एकच पाय सुजून दुखू लागला तर तो मुळीच चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. लगेच डॉक्टरकडे न्या.

राहिला पैशांचा प्रश्न. "आणखी तिघी जोडा, तुम्हाला कमिशन" असे त्या एजंटाने सांगितले होते. माल विकण्यावर नव्हे, तर माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

ताईंच्या गटाने तीन ट्यूब वापरून पाहिल्या होत्या. उरलेल्या सात त्यांनी पावतीसकट परत केल्या. एजंट पुढच्या बाजारच्या दिवशी पैसे देतो म्हणाला आहे. दिले की नाही, ते तुम्हाला कळवू.