जॅक उचलतो, सांभाळत नाही

आलापल्ली-भामरागड रस्त्यावर चाक पंक्चर झाले, तर मी गाडी हळूहळू सपाट, टणक जागी नेतो. पावसाळ्यात कडेच्या ओल्या मातीत जॅक रुततो, कलतो आणि गाडी घसरते. म्हणून माझ्या डिकीत जाड सागवानी फळी असते. ती जॅकखाली घातली की भार पसरतो.

माणसे खाली उतरवावीत. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून तिरप्या कोपऱ्यातील चाकाला दगडाची उटी लावावी. गाडी उचलण्यापूर्वीच लांब दांड्याच्या पान्याने नट सैल करावेत. शेवटचे आवळावेत, ते गाडी खाली टेकल्यावर.

घरी दुरुस्तीसाठी लोखंडी स्टँड घ्यावेत. विटा भाराने फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र हातसुद्धा घालू नये.