धातूंचे प्रदूषण आणि पाणथळीचा गाळ

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील माजी मालगुजारी तलाव मुख्यतः भातशेतीच्या सिंचनासाठी बांधण्यात आले. अशा तलावाच्या वरच्या अंगाला, जेथे नाल्याचे पाणी संथ होते, तेथे गाळ साचतो आणि पाणकणीस, लव्हाळे यांसारख्या वनस्पती वाढतात. निसर्गाची हीच क्रिया हेतुपूर्वक योजली की ‘कृत्रिम पाणथळ’ तयार होते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सांडपाण्यासाठी विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे.

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांचे जीवाणू विघटन करतात. तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांचे मात्र विघटन होत नाही. त्यांना केवळ अडवून ठेवता येते. हे कार्य तीन प्रकारे घडते. प्रथम, प्रवाह मंदावल्याने धातूयुक्त सूक्ष्म कण तळाशी बसतात. दुसरे, चिकणमाती, कुजलेला पालापाचोळा व लोहाची संयुगे विरघळलेले धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. तिसरे, गाळाच्या खालच्या थरात प्राणवायू नसल्याने तेथील जीवाणू पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड निर्माण करतात. त्याच्याशी संयोग होऊन धातूंची पाण्यात न विरघळणारी संयुगे बनतात. वनस्पती स्वतः धातूंचा अल्प अंशच शोषून घेतात. प्रवाह संथ करणे आणि जीवाणूंना सेंद्रिय द्रव्य पुरविणे, हे त्यांचे खरे कार्य होय.

मँगनीजची रीत मात्र वेगळी आहे. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी असल्याने ही बाब या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची ठरते. प्राणवायू असताना मँगनीज काळपट ऑक्साइडच्या रूपाने खाली बसते. प्राणवायूहीन गाळात ते पुन्हा विरघळू लागते. म्हणून अशा पाण्यासाठी उथळ, दगडगोट्यांचा व हवा खेळती राहील असा कुंड आवश्यक असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाणथळ धातूंचा नाश करीत नाही, साठा करते. गाळ पाण्याखाली असेतो सल्फाइड स्थिर राहते. तो उपसून उघड्यावर टाकला की हवेशी संयोग होऊन आम्लता निर्माण होते आणि धातू पुन्हा मोकळे होतात. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम सिंचनाच्या पाण्यावाटे भातखाचरांत पोहोचले. तेथील लोकांना हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा वेदनादायक रोग जडला. त्याचे कारण कॅडमियम असल्याचे जपान सरकारने 1968 मध्ये मान्य केले.

राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेद्वारे तलावांतील गाळ शेतात नेण्यास प्रोत्साहन देण्यात आले. ज्या तलावात केवळ शेतशिवाराचे व जंगलाचे पाणी येते, त्याचा गाळ जमिनीस उपकारकच असतो. परंतु ज्यात खाण, कारखाना अथवा शहराचे सांडपाणी मिसळते, तेथील गाळाचे निरनिराळ्या खोलीवरील नमुने प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज तो शेतात टाकणे इष्ट नव्हे. सदोष आढळलेला गाळ शेत, विहीर व नाला यांपासून दूर ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने त्याची विल्हेवाट लावावी. तलावात कोणकोणते पाणी येते याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवली, तर कोणता गाळ तपासावयाचा हे ठरविणे सुकर होईल.