मंगळवार पेठ पायी पाहावी

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की बहुतेक पाहुणे महाद्वार रोडवर खरेदी करून रंकाळ्याकडे वळतात. मी म्हणेन, बिंदू चौकातून मिरजकर तिकटीकडे चाला आणि मंगळवार पेठेत शिरा.

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पितळी भांडी, नाणी, बंद पडलेली घड्याळं पथारीवर मांडलेली असतात. कोल्हापूरच्या या पेठेतलं जुनं अजून रोजच्या वापरात आहे, आणि ते बघायचं तर पहाटे यावं लागतं.

पहाटे तालमीचं बुटकं दार उघडलेलं असतं. आत गारवा, मारुतीपुढे उदबत्ती आणि मधोमध कुस्तीचा मातीचा हौदा. कुस्तीच्या आधी पोरं माती खणायला घेतात. एक जण फावड्यानं ढेकळं फोडतो, दुसरा माती पायानं सारखी करतो, खडा दिसला की उचलून बाहेर टाकतो. हौद्यात नवी माती भरताना ती चाळून घेतात आणि तीत ताक, तेल, लिंबू, हळद, काव कालवतात. अशा मातीनं अंग सोलवटत नाही, पडलं तरी हाड वाचतं. खणून खणूनच पोरांचे खांदे भरतात; व्यायामाची सुरुवात इथूनच होते. मग माती कपाळाला लावून जोड्या लागतात आणि वस्ताद कडेला उभे राहून डाव सुधारत जातात. आता स्पर्धा मॅटवर होतात, काही तालमींत व्यायामाची यंत्रंही आली. तरी माती खणायचं हे काम मला पेठेचा कणा वाटतं. संध्याकाळी याच तालमींची नावं फुटबॉलच्या मैदानावर गर्जतात. पाटाकडील तालीम इथलीच, आणि तिचा शिवाजी पेठेतल्या संघाशी सामना असला की दोन्ही पेठा रस्त्यावर येतात.

जवळच खासबाग कुस्ती मैदान. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 मध्ये कोल्हापूरला हे मैदान मिळालं. ते बशीसारखं उतरतं, त्यामुळे शेवटच्या माणसालाही हौदा दिसतो. मैदानाला लागूनच 1915 चं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. त्या रात्री कितीतरी कलावंत आणि रसिक रस्त्यावर उभे राहून रडले. नंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. ती पूर्वीच्याच रूपात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

पेठेतला जयप्रभा स्टुडिओही गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत सापडला होता. चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला.

तेव्हा एक पहाट या पेठेसाठी राखून ठेवा. तालमीत जाताना वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, फोटोचं नंतर बघा. आणि हौद्यातल्या मातीत परवानगीशिवाय पाय टाकू नका.