एक बरोबरी पुरली असती!

१४ जानेवारी २०१९. शारजाचं मैदान. एशियन कपमध्ये भारताचा गटातला शेवटचा सामना, समोर बहरीन. नव्वद मिनिटं होत आली आणि स्कोअर ०-०. भारताला जिंकायची गरजच नव्हती. फक्त बरोबरी राखायची, की गटात दुसरा नंबर आणि थेट बाद फेरीत प्रवेश.

आणि मग इंज्युरी टाइममध्ये बहरीनला पेनल्टी मिळाली. जमाल राशिदने गोल मारला, सामना संपला. दुसऱ्या नंबरवरचा भारत त्या एका किकने चौथ्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर फेकला गेला.

आता म्हणाल, एका गोलने दोन पायऱ्या कशा काय घसरतो एखादा संघ? तर तीच तर गंमत आहे. मोठ्या फुटबॉल स्पर्धेची गटसाखळी मैदानावर जेवढी खेळली जाते, तेवढीच कागदावर. आयपीएलमध्ये एप्रिल संपला की नेट रनरेटचं गणित तुम्ही करताच ना? फुटबॉलचं त्याहून सोपं आहे, पण जास्त क्रूर आहे.

सहा सामने, अठरा गुण

एका गटात चार संघ. प्रत्येकजण बाकी तिघांशी एकेकदा खेळतो, म्हणजे एकूण सहा सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर दोघांना १-१, हरलात तर भोपळा. म्हणजे निकाल लागलेला सामना गटात ३ गुण वाटतो आणि बरोबरीचा सामना २. सगळे सामने निकाली निघाले तर गटात एकूण १८ गुण, सगळे बरोबरीत सुटले तर १२.

एवढ्यावरून बरंच काही कळतं. ७ गुण झाले की पहिल्या दोनात जागा पक्की. का? कारण तीन संघांचे प्रत्येकी ७ व्हायचे तर २१ गुण लागतील आणि गटात असतात जास्तीत जास्त १८. ६ गुणांची मात्र खात्री नाही. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये नायजेरिया, बल्गेरिया आणि अर्जेंटिना या तिघांचे ६-६ गुण झाले, बिचाऱ्या ग्रीसचा शून्य. मॅराडोनाची अर्जेंटिना तिसरी आली! त्या वर्षी काही तिसऱ्या नंबरवाल्यांनाही पुढे घ्यायचा नियम होता म्हणून ती वाचली.

आणि दुसऱ्या टोकाला? एक संघ तिन्ही सामने जिंकून ९ वर गेला आणि उरलेले तिघे आपसात बरोबरी करत बसले, तर प्रत्येकाकडे २ गुण. त्यातला एकजण २ गुणांवर दुसरा येऊन पुढे जातो.

म्हणून तर गटसाखळीत न्याय शोधायला जाऊ नका. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये एकही सामना न हरलेला एकमेव संघ कोणता माहितीये? न्यूझीलंड. तीन सामने, तीन बरोबऱ्या आणि घरचं तिकीट. स्पेन मात्र पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरला आणि शेवटी कप घेऊन गेला. १९८२ मध्ये इटली आणि कॅमेरून दोघांनीही तिन्ही सामने बरोबरीत सोडवले. इटलीचे गोल दोन, कॅमेरूनचा एक. तेवढ्या एका जास्तीच्या गोलवर इटली पुढे गेली आणि थेट जगज्जेती झाली. कॅमेरून न हरता घरी.

गुण सारखे, मग पुढे काय?

खरा खेळ इथे सुरू होतो. गुण सारखे झाले की दोन विचार आहेत.

पहिला म्हणतो, सगळ्या सामन्यांतला गोलफरक बघा. मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. फिफाने वर्षानुवर्षं वर्ल्ड कपमध्ये हेच केलं. २०२२ ला कतारमध्ये स्पेन आणि जर्मनीचे ४-४ गुण झाले. स्पेनचा गोलफरक अधिक ६, जर्मनीचा अधिक १. स्पेनने पहिल्याच सामन्यात कोस्टारिकाला ७-० धुतलं होतं, तीच पुण्याई शेवटी कामाला आली. म्हणून ३-० वर असतानाही मोठे संघ चौथ्या गोलसाठी का धावतात, ते लक्षात ठेवा. तो माज नसतो, बचत असते.

दुसरा विचार म्हणतो, बरोबरीत असलेल्यांनी आपसात काय केलं ते आधी बघा. याला म्हणायचं हेड-टू-हेड. युरो स्पर्धेत हे बरीच वर्षं चालू आहे. भारताचा हिशेबही याच नियमावर उभा होता. बहरीनशी बरोबरी झाली असती तर भारताचे आणि थायलंडचे ४-४ गुण झाले असते. आणि थायलंडला तर भारताने आठच दिवसांपूर्वी ४-१ असं लोळवलं होतं! त्यामुळे दुसरा नंबर आपलाच.

हेड-टू-हेडचा चटका सगळ्यात जास्त कुणाला बसला असेल तर इटलीला. युरो २००४. शेवटच्या सामन्याआधीच त्यांना माहीत होतं की डेन्मार्क आणि स्वीडन २-२ किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटले, तर आपण बल्गेरियाला कितीही गोल मारले तरी बाहेर. कारण तिघांचे गुण सारखे होणार, आपसातल्या सामन्यांत सगळ्याच बरोबऱ्या आणि त्यात इटलीने केलेला गोल फक्त एक. झालं काय? बरोब्बर २-२. शेजारी शेजारी दोन देश, हवा तोच निकाल. इटलीत आरडाओरडा झाला, पण नियमात बोट ठेवायला जागा नव्हती.

२०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफानेही पक्ष बदलला. गुण सारखे झाले की आधी हेड-टू-हेड, ते सुटलं नाही तर एकूण गोलफरक, मग एकूण गोल.

कार्डांचे इंटर्नल मार्क

हे सगळंही सारखं निघालं तर? तर येतात कार्डं. पिवळं कार्ड उणे १, दोन पिवळ्यांचं लाल उणे ३, थेट लाल उणे ४. थोडक्यात, अटेंडन्स आणि वागणुकीचे मार्क. शेवटपर्यंत कुणी विचारत नाही, पण अडलं की तेच तारतात नाहीतर बुडवतात.

२०१८ मध्ये जपान आणि सेनेगलचे गुण ४-४, गोल मारले ४-४, खाल्ले ४-४, आपसातला सामना २-२. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. जपान पुढे, सेनेगल बाहेर.

पण खरी गोष्ट त्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांची आहे. जपान पोलंडकडून ०-१ ने हरत होता. तिकडे कोलंबियाने सेनेगलवर गोल केल्याची बातमी आली. जपानच्या प्रशिक्षकांनी, अकिरा निशिनोंनी, हिशेब केला. आपण बरोबरीसाठी पुढे गेलो आणि दुसरा गोल खाल्ला तर संपलं. एखादं कार्ड मिळालं तर धोका. त्यापेक्षा इथेच थांबू. मग जपानचे खेळाडू आपल्याच अर्ध्यात एकमेकांना पास देत बसले. स्टेडियममध्ये शिट्ट्यांचा पाऊस. सेनेगलने त्या वेळात एक गोल मारला असता तर निशिनो आयुष्यभर शिव्या खात बसले असते. नाही मारला.

तुम्ही कोच असता तर काय केलं असतं? मित्रांमध्ये विचारून बघा, भांडण होईल. पण एक लक्षात घ्या, जपानने नियम मोडला नाही. नियमाने जे बक्षीस ठेवलं होतं, ते उचललं.

एकाच वेळी दोन सामने का?

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. कुठला बघायचा म्हणून आपली पंचाईत होते, पण त्यामागे एक जखम आहे. १९८२, स्पेनमधलं खिखोन शहर. अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवून खळबळ उडवली होती. त्यांचे सगळे सामने आदल्या दिवशी संपले. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा दोघांनाही नेमकं माहीत होतं, जर्मनी एक किंवा दोन गोलने जिंकली की दोघेही पुढे. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला. त्यानंतर ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे. अल्जेरिया बाहेर. पुढच्या वर्ल्ड कपपासून शेवटचे सामने एकाच वेळी.

तिसऱ्या नंबरची एटीकेटी

२०२६ पासून वर्ल्ड कपमध्ये ४८ संघ, १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन, म्हणजे २४. बाद फेरीला हवेत ३२. उरलेल्या आठ जागा सर्वोत्तम तिसऱ्या नंबरवाल्यांना. बारातले आठ पास! ही फुटबॉलची एटीकेटीच. आणि तिला हसू नका. युरो २०१६ मध्ये रोनाल्डोचा पोर्तुगाल तीन बरोबऱ्या करून गटात तिसरा आला, याच दाराने आत शिरला आणि युरोप चॅम्पियन झाला.

पण या दारात खिखोनचं भूत पुन्हा उभं राहतं. सगळे गट एकाच दिवशी संपत नाहीत. ज्यांचा गट शेवटी संपतो, त्यांना आधीच्या तिसऱ्यांचे आकडे माहीत असतात. किती गुण पुरतील, किती गोलने हरलं तरी चालेल, सगळं. आधी संपलेले मात्र हॉटेलमध्ये बसून टीव्हीकडे बघत राहतात.

आणि आपल्याला सगळ्यात जास्त टोचेल ते हे. २०१९ च्या त्याच एशियन कपमध्ये व्हिएतनाम ३ गुण आणि उणे १ गोलफरकावर तिसऱ्या नंबरवरून पुढे गेला. लेबनॉनशी सगळं सारखं होतं, पिवळी कार्डं कमी म्हणून वाचला आणि पुढे थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. भारताचेही ३ गुणच होते आणि गोलफरक शून्य, म्हणजे व्हिएतनामपेक्षा सरस. पण आपण गटात चौथे होतो आणि चौथ्याला कुणी मोजत नाही.

कागद-पेन घ्या

पुढच्या वेळी शेवटचे दोन सामने सुरू होण्याआधी एवढं करा:

• प्रत्येक सामन्याचे तीन निकाल, दोन सामन्यांचे मिळून नऊ. नऊ ओळी लिहा.

• प्रत्येक ओळीपुढे चौघांचे गुण मांडा. बऱ्याच ओळी तिथेच निकालात निघतात.

• जिथे गुण सारखे, तिथे आधी नियम तपासा. या स्पर्धेत गोलफरक पहिला की हेड-टू-हेड? इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

• तिघांचे गुण सारखे असतील तर चौथ्याविरुद्धचे सामने बाजूला ठेवून तिघांचं छोटं टेबल बनवा.

• कार्डं मोजून ठेवा. हसतील लोक. हसू द्या.

नव्वदाव्या मिनिटाला सगळे 'आता काय होणार' म्हणून गुगल करत असतील, तेव्हा कुठल्या एका गोलने कोण घरी जाणार हे तुमच्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल.