आधी पद, मग उमेदवार

निवडणुकीचा हंगाम आला की उमेदवार कोण, त्याच्या पाठीशी कोणता पुढारी उभा आहे, गेल्या खेपेस त्याला मते किती पडली आणि या खेपेस कोणत्या समाजाचा कौल कोणीकडे झुकेल, याची चर्चा पारावर, एस.टी.च्या थांब्यावर आणि कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत दिवसभर रंगत राहते. परंतु ज्या पदासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या पदाचे अधिकार कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्या पदावरील माणसाकडून आपण रास्तपणे काय मागू शकतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. परिणामी विधानसभेचा उमेदवार गटारे बांधून देण्याचे वचन देतो, नगरसेवकपदाचा उमेदवार राज्याचे कायदे बदलण्याची भाषा करतो, आणि मतदार दोघांच्याही सभेत सारख्याच उत्साहाने टाळ्या वाजवतो.

रस्त्यातल्या खड्ड्याचेच उदाहरण घेतले तरी हा घोटाळा ध्यानात येईल. राष्ट्रीय महामार्ग केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हामार्ग यांची निगा सामान्यतः राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने राखावयाची असते. इतर जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. आणि वस्तीतल्या गल्ल्या ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका यांच्या हद्दीत मोडतात. गणपतीला मुंबईहून निघून कोकणातल्या आपल्या वाडीवर पोहोचणारा चाकरमानी अशा रीतीने एकाच रात्रीत तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून जातो, आणि हाडे खिळखिळी झाल्यावर जो पुढारी प्रथम आठवेल त्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याचा संताप रास्त असला तरी तो भलत्याच्या दारी पोहोचतो, आणि ज्याच्याकडून कसूर झाली तो सुखाने सुटतो.

राज्याच्या हाती नेमके काय आहे, हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीने सांगून ठेवले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये, शेती, जमीन व जमीनमहसूल आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यसूचीतले विषय होत. शिक्षण आणि वने हे विषयही आरंभी त्याच सूचीत होते, पण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. सातबाऱ्यावरील फेरफार, ठाण्यात नोंदवलेली फिर्याद, कालव्याच्या पाण्याची पाळी, जिल्हा रुग्णालयातले औषध, या साऱ्यांचे दोर अखेर मंत्रालयापर्यंत जाऊन पोहोचतात. मधल्या पायऱ्यांवर तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे), मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त ही सारी नेमलेली माणसे असतात. त्यांना मतदाराने निवडलेले नसते आणि तो त्यांना घरीही बसवू शकत नाही. त्यांच्या वतीने उत्तर द्यावयाचे ते मंत्र्याने, आणि मंत्र्याला जाब विचारावयाचा तो विधिमंडळातल्या प्रतिनिधीने.

हा प्रतिनिधी निवडताना पुष्कळांच्या मनात मुख्यमंत्रिपदाचा किंवा मंत्रिपदाचा हिशेब असतो. मुख्यमंत्र्याला मतदार थेट निवडीत नाही. विधानसभेच्या २८८ जागांपैकी १४५ जागांचे बहुमत ज्याच्या मागे उभे राहील त्याला राज्यपाल पाचारण करतात. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर बांधून टाकल्यामुळे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह फार तर ४३ मंत्री होऊ शकतात. म्हणजे निवडून आलेल्यांपैकी बहुसंख्यांना मंत्रिपद मिळणे अशक्यच असते. उपमुख्यमंत्रिपद, जे महाराष्ट्रात १९७८ साली नाशिकराव तिरपुडे यांच्या रूपाने प्रथम अवतरले, त्याचा संविधानात उल्लेख नाही, पालकमंत्रिपदाचाही नाही. तथापि पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असल्यामुळे जिल्ह्याच्या वार्षिक योजनेवर त्याचा वरचष्मा राहतो, आणि म्हणून या पदासाठी होणारी रस्सीखेच निष्कारण नसते.

मंत्री न झालेल्या आमदाराचे काम तिहेरी असते: कायदा करणे, राज्याच्या तिजोरीवर नजर ठेवणे आणि शासनाला प्रश्न विचारणे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचनेने तातडीचा विषय पुढे आणता येतो. अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपात सूचना देऊन एखाद्या खात्याच्या कारभाराची झडती घेता येते. आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांची छाननी लोकलेखा समितीत बसून करता येते. हे काम नीट झाले तर त्याची फळे किती दूरवर जातात याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली, तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. केंद्राचा तशाच स्वरूपाचा कायदा त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, २००५ साली झाला. खडी फोडणाऱ्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळण्याचा हक्क लाभला तो विधिमंडळात संमत झालेल्या कायद्यामुळे, कोणा आमदाराने लग्नसमारंभांना हजेरी लावल्यामुळे नव्हे.

वरिष्ठ सभागृहाकडेही सुशिक्षितांनी लक्ष द्यावे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या व सात शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. परंतु विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधराला तेथे मत मिळत नाही, त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीस नव्याने तयार होते.

पदाची ओळख झाल्यावर उमेदवाराकडे वळावे, आणि त्याच्याविषयी भिंतपत्रके काय म्हणतात त्यापेक्षा त्याने स्वतः शपथेवर काय लिहून दिले आहे ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मतदाराचा हा जाणण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याला मुरड घालणारी कायद्यातील तरतूद २००३ साली रद्दबातल ठरविली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला उमेदवारी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नमुना २६ या नावाने ओळखले जाणारे हे प्रतिज्ञापत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लावले जाते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही वाचावयास मिळते. त्यात स्वतःचे, पतीचे वा पत्नीचे आणि अवलंबितांचे गेल्या पाच वर्षांचे विवरणपत्रांतील उत्पन्न, जंगम व स्थावर मालमत्ता, कर्जे, शासकीय थकबाकी, उत्पन्नाची साधने, शासनाशी असलेले ठेके, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे असा सारा तपशील असतो.

हे दप्तर वाचण्याची थोडी हातोटी लागते. मालमत्तेच्या एकूण आकड्याला भुलू नये. वडिलोपार्जित मिळकत कोणती व स्वतः संपादन केलेली कोणती हे निरनिराळे लिहावे लागते, तेव्हा दुसऱ्या रकान्याची सांगड पाच वर्षांच्या उत्पन्नाशी घालून पाहावी. उमेदवार पूर्वी लढलेला असेल तर त्याचे मागील प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवावे. दोहोंमधील अंतर पुष्कळ काही सांगून जाते. गुन्ह्यांच्या रकान्यात नुसती संख्या मोजणे अन्यायाचे होईल, कारण जमावबंदी मोडून धरणे धरल्याबद्दल दाखल झालेला खटला आणि खंडणीचा किंवा स्त्रीवरील अत्याचाराचा खटला यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. कलम कोणते, न्यायालयाने दोषारोप निश्चित केले आहेत काय आणि शिक्षा झाली आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. असे खटले असलेल्याला उमेदवारी का दिली याची कारणे पक्षाने प्रसिद्ध केली पाहिजेत आणि केवळ निवडून येण्याची शक्यता हे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने २०२० साली बजावले आहे. प्रतिज्ञापत्रात माहिती दडविणे किंवा खोटी देणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

विद्यमान आमदाराच्या बाबतीत याहून मोठा पुरावा उपलब्ध असतो, तो म्हणजे सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तान्त. आपल्या तालुक्यातील पाणी, पीकविमा, रुग्णालय किंवा शाळा यांविषयी त्याने मुंबईच्या व नागपूरच्या अधिवेशनांत काय विचारले, आणि उत्तर असमाधानकारक आल्यावर तो गप्प बसला की पाठपुरावा केला, यावरून त्याची पारख करावी. स्वागतकमानींच्या संख्येवरून करू नये.

यंदा उमेदवार हात जोडून दारी आला म्हणजे मतदाराने त्याला गटाराविषयी अवश्य विचारावे, पण त्याआधी तीन प्रश्न टाकावेत: सभागृहात आपण कोणता विषय लावून धरणार, राज्याच्या अर्थसंकल्पात आमच्या जिल्ह्यासाठी काय मागणार आणि आपल्या प्रतिज्ञापत्रातील अमुक नोंदीचा खुलासा काय. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याला मत देण्याची घाई करू नये.